बेळगावहून दिवाडीला: फेरीवरून घर हलवतानाच्या नोंदी

नवऱ्याची नोकरी पणजीला आली आणि चार महिने तो तिथे एका खोलीत काढत राहिला. शेवटी बेळगावचं बिऱ्हाड मोडून सगळ्यांनी गोव्यातच जायचं ठरलं. घर मिळालं दिवाडी बेटावर. मांडवीच्या मधोमध, तिन्ही बाजूंनी फेरीबोट, रस्त्याचा पूल एकही नाही. घरात आम्ही दोघं, सातवीत जाणारा मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. माझा घरगुती मसाल्यांचा आणि लोणच्यांचा व्यवसाय आहे, म्हणजे संसाराच्या जोडीला कांडप यंत्र, बरण्या आणि डबेही हलवायचे होते. आधी कुणी लिहून ठेवलेलं सापडलं असतं तर माझे निदान आठ हजार रुपये आणि एक रात्र वाचली असती. म्हणून त्या त्या दिवशी वहीत लिहिलेलं थोडं साफ करून इथे उतरवते आहे.

10 मार्च 2024, रविवार

घर पाहिलं. पिएदादच्या टेकडीच्या पायथ्याशी, कौलारू, पुढे बसायला बलकांव, म्हणजे ओसरी, आत लाल कोब्याची जमीन. मालक परदेशी असतात, किल्ली शेजारच्या आंटींकडे. अकरा महिन्यांचा करार ठरला.

मी टेप नेली होती. पुढचा दरवाजा दोन पाखांचा आहे, पण एक पाख कायमचं खिळलेलं. मोकळी रुंदी भरली 31 इंच. आमचं लोखंडी कपाट 36 इंच रुंद आणि 19 इंच खोल, म्हणजे आडवं घातलं तर आत जाईल. पण आतल्या बोळात ते वळायला जागा नाही. मागचा दरवाजा त्याहून अरुंद. कपाट बेळगावातच विकायचं, हे उंबऱ्यावर उभ्या उभ्या ठरवलं. आज केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच.

एक चूकही केली. घर बारकाईनं पाहिलं, पण धक्का पाहिला तो फक्त गाडीच्या काचेतून.

17 मार्च, रविवार

आज फक्त फेऱ्या बघायला आलो. जुने गोवे, रायबंदर आणि पलीकडे डिचोली तालुक्यातलं नार्वे, तिन्ही धक्क्यांवरून ये-जा केली. पायी माणसाला आणि दुचाकीला पैसे पडत नाहीत. चारचाकीचं तिकीट इतकं कमी की हिशेबात धरायची गरज नाही. म्हणजे फेरीवर पैसा जात नाही. जातो तो वाट बघण्यात.

बेळगावकरांना चोर्ला घाट उतरला की नार्वे जवळ पडतं. केरी, साखळी, डिचोली आणि मग नार्वे. जुन्या गोव्याला जायचं तर साखळीहून माशेल, बाणस्तारी असा वळसा. नार्व्याला उतरल्यावर सप्तकोटेश्वराचं दर्शन घेतलं. हा देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगिजांनी बेटावरचं देऊळ पाडलं तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार आणलं, आणि पुढे 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. ज्या पाण्यावरून देवाला जीव मुठीत धरून हलवलं, त्याच पाण्यावरून आम्ही भांडीकुंडी घेऊन उलट दिशेला जाणार. देवळातून निघताना माझा पाय जरा जड झाला होता.

ट्रक मात्र जुन्या गोव्याला आणायचं ठरवलं. नार्व्याच्या धक्क्याकडे जाणारा शेवटचा रस्ता अरुंद वाटला, ट्रक उभा करून माल उतरवायला जागा दिसली नाही. जुन्या गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीच्या अलीकडे मोकळी जागा आहे. भरलेला ट्रक फेरीवर चढवायचाच नाही, हे आम्ही आधीच धरून चाललो होतो, कारण बेटावरच्या गल्ल्यांत विजेच्या तारा आणि आंब्याच्या फांद्या डोक्याला लागतात. तेव्हा बेत असा: ट्रक कमानीपाशी थांबेल, तिथून बेटावरचाच एक पिकअप तीन खेपा करेल. पिकअपवाला भेटला, खेपेला 1,500 ठरले.

निघताना फेरीवरचा एक वयस्क खलाशी म्हणाला, “सामान घेऊन येतलात? सुकतेक येवं नाका.” सुकती म्हणजे ओहोटी. का, ते त्यानं हाताचा तळवा तिरपा करून दाखवलं. मी मान डोलावली. वहीतही लिहून घेतलं. पण एका ओळीत लिहिलं, खूण केली नाही.

24 मार्च, रविवार

काढून टाकायच्या वस्तूंची यादी केली. कपाट 6,000 ला गेलं. जुना सोफा कुणी घेईना, शेवटी धाकट्या दिरांच्या घरी पोचता केला. पाटा-वरवंटा नेऊ नये असं नवऱ्याचं मत, न्यायचाच असं सासूबाईंचं. पाटा येणार.

निवडणूक जाहीर झाली आहे, आचारसंहिता लागली आहे. बेळगावात आणि गोव्यात, दोन्हीकडे मतदान 7 मे रोजी. ट्रकवाल्यानं बजावलं, “वहिनी, रोकड जवळ ठेवू नका, नाक्यावर तपासतात.” पन्नास हजारांच्या वर रोख असली आणि कागद नसला तर अडकते. म्हणून सगळे व्यवहार खात्यातून करायचे ठरवले. पैशांचा विचार केला, मालाचा केला नाही. हे पुढे महागात पडलं.

6 एप्रिल, शनिवार

आमच्या छोट्या गाडीत मावेल तेवढं घेऊन चाचणीची फेरी. अंथरुणं, झाडू, बादल्या, बल्ब, कुलूप, हत्यारांची पेटी. ही फेरी केली नसती तर फार अडचण झाली असती. न्हाणीघराचा नळ फिरवला तर हातात आला. स्वयंपाकघरात मिक्सरला चालेल असा पॉइंटच नव्हता. दोन कौलं फुटकी. मागच्या खोलीतल्या फडताळाला वाळवी, बोटानं दाबलं तर लाकूड भुसभुशीत. नळवाला आणि वायरमन दोघेही जुन्या गोव्याहून यायचे, म्हणजे त्यांच्या वेळात फेरीची वाटही धरावी लागते. एक वायसर कमी पडला तर कारागीर पुन्हा नदी ओलांडून जातो, आणि तो त्या दिवशी परत येईलच असं नाही. आज तसंच झालं. नळाचं काम अर्धवट राहिलं. नळ, वायर, मेकॅनिक ही सगळी कामं सामान येण्याच्या पंधरा दिवस आधी उरका आणि लागणारा माल आपणच आणून ठेवा.

खर्च 4,300, त्यात कौलं आंटींनी दिली, त्यांच्याकडे जुनी रचून ठेवलेली होती.

भाडेकरूंची माहिती द्यायचा पोलीस ठाण्याचा फॉर्मही आजच भरून दिला.

14 एप्रिल, रविवार

बांधाबांध. खोकी, टेप, सुतळी, बुडबुड्यांचं प्लास्टिक मिळून 2,850.

लोणच्याच्या बरण्यांवर दोन दिवस गेले. चिनी मातीच्या अकरा बरण्या, त्यातल्या सात भरलेल्या, सगळ्यात मोठी आठ किलोची, सासूबाईंच्या माहेरची. आधी झाकणाला नुसती टेप लावून एक बरणी अंगणात आडवी करून पाहिली. पाच मिनिटांत तेल पाझरलं. मग पद्धत बदलली. वरचं दोन बोटं तेल उपसून वेगळ्या बाटलीत काढलं. तोंडावर जाड प्लास्टिक, त्यावर धुतलेलं सुती कापड, गळ्याशी सुतळीचे चार वेढे आणि वर झाकण. झाकणाची फट मेण ओतून बंद केली. पुन्हा आडवी केली, रात्रभर ठेवली. सकाळी खाली घातलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा होता. मग सातही तशाच बांधल्या आणि गव्हाच्या पोत्यांमध्ये उभ्या रोवल्या. गहू न्यायचेच होते, त्यांचाच आधार झाला.

गॅसचं कनेक्शन बदलायला अर्ज दिला. सिलिंडर, रेग्युलेटर इथे परत करून पावती घ्यायची आणि ती तिकडच्या एजन्सीत दाखवायची. मधल्या दिवसांसाठी विजेची शेगडी घेतली.

मुहूर्ताचा विषय घरात निघाला. सासूबाईंना अक्षय्य तृतीया हवी होती, 10 मे. पण ब्याडगी मिरची वाळवायचे आणि कांडायचे हेच दिवस, आणखी तीन आठवडे थांबले असते तर माझा हंगाम बुडाला असता. 20 एप्रिल, शनिवार ठरला. पंचांग उघडलंच होतं, द्वादशी दिसली. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. बारा गुणिले पाऊण, नऊ. म्हणजे सकाळी नवाच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी तीनला पूर्ण ओहोटी. नदीत आत पाणी उशिरा चढतं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील तक्ताही पाहिला. ट्रक पहाटे चारला निघाला तर साडेनऊपर्यंत धक्क्यावर. कागदावर सगळं जुळत होतं.

20 एप्रिल, शनिवार

ट्रक चारला नाही, पाच वाजून चाळीसला निघाला. हमालांनी रात्री अर्धा माल चढवला होता, बाकीचा पहाटे अंधारात चढवला, त्यात वेळ गेला. चौघांचे 600 प्रमाणे 2,400. आमची गाडी पुढे, त्यात नवरा आणि मुलगा. मी ट्रकमध्ये चालकाशेजारी, मांडीवर तुळशीची कुंडी. सासूबाई दिरांकडे थांबल्या.

जांबोटीच्या पुढे रस्ता खराब, चालक सावकाश हाकत होता, ते बरंच होतं. तपासणी नाक्यावर ट्रक बाजूला घ्यायला सांगितलं. मागची ताडपत्री सोडली. अगदी तोंडाशी माझ्या धंद्याची खोकी. एक उघडलं. आत एकसारखे स्टीलचे नवे डबे, किलोकिलोचे, कागद न काढलेले. दुसऱ्यातही तेच. एकूण साठ.

तपासणाऱ्यांनी शांतपणे विचारलं, “हे कुणाला वाटायचे?” त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं. मतदानाला सतरा दिवस उरलेत आणि ट्रकमध्ये साठ नवे डबे. मी मसाल्यांचं सांगितलं. बिल मागितलं. बिल होतं, व्यवस्थित, नवऱ्याच्या बॅगेत, आणि गाडी एव्हाना घाट उतरून गेलेली. फोनला रेंज नाही. रेंज सापडेपर्यंत मी रस्त्यानं चालत मागे गेले, पाऊण तासानं फोन लागला. ते केरीला चहाला थांबले होते म्हणून बरं, तिथून उलटे घाट चढून आले. बिल पाहिल्यावर पाच मिनिटांत सोडलं. त्यांनी ताडपत्री बांधायलाही हात लावला.

पण दोन तास चाळीस मिनिटं गेली. मालाची यादी केली होती ती मनासाठी, खोक्यांचे नंबर आणि पेले किती एवढीच. नव्या, एकसारख्या, विकायच्या मालाची बिलं मालाबरोबर हवीत, त्याच गाडीत, हातात. निवडणूक नसली तरी.

घाट उतरताना मागचं टायर पंक्चर झालं. आणखी तास.

जुन्या गोव्याला पोचलो तेव्हा तीनला दहा कमी होते. शनिवार, उन्हाळ्याची सुट्टी, चर्च बघायला आलेल्या बस, ट्रकला ठरवलेल्या जागी उभं राहायला वीस मिनिटं. मी धक्क्यावर जाऊन पाहिलं आणि खलाशाचा तो तिरपा तळवा आठवला. पाणी इतकं खाली गेलं होतं की उताराचा खालचा भाग उघडा पडलेला, हिरवा, चिखलानं बुळबुळीत. फेरीची लोखंडी फळी त्या उतारावर टेकते. भरतीला उतार आणि फळी जवळजवळ एका रेषेत असतात. आता त्यांचा मधे कोन झाला होता. गाडी नाक खाली करून उतरते, पुढची चाकं फळीवर चढतात आणि त्या क्षणी मागचा भाग जमिनीला टेकतो.

पिकअपवाला अकरापासून थांबला होता, वैतागला होता, त्यात त्याची चूक काही नाही. “पहिली खेप हलकी करूया,” तो म्हणाला. हलकी केली, पण पलंगाच्या लाकडी पट्ट्या लांब, त्या फाळक्याच्या, म्हणजे मागच्या झडपेच्या, बाहेर दोन फूट निघालेल्या. मी म्हटलं, जाईल. गाडी फळीवर चढताना पट्ट्यांची टोकं उतारावर आपटली, सगळा भार फाळक्यावर आला आणि उजवी बिजागरी वाकली. आवाज असा झाला की फेरीवरची माणसं मागे सरली. फाळका लोंबकळला, दोन खोकी घसरली, एक खाली पडलं. त्यात भिंतीवरचं घड्याळ, आरसा आणि मुलाचे रंग. आरसा गेला. कुणाला लागलं नाही, हे लिहिताना आत्ताही हात थांबतो, कारण पट्ट्यांच्या मागे एक मुलगा सायकल धरून उभा होता.

खलाशानं गाडी मागे घ्यायला लावली. “पाणी येवंदी,” एवढंच म्हणाला.

मग आम्ही पाण्याची वाट बघत बसलो. चार हमाल (इकडचे, 800 प्रमाणे), पिकअप, ट्रक, सगळ्यांचं मीटर चालू. साडेपाचच्या सुमाराला हिरवा पट्टा पाण्याखाली गेला. पट्ट्या पिकअपच्या टपावर आडव्या बांधल्या, माल पुढच्या बाजूला दाबून भरला, फाळका दोरीनं आवळला. गाडी सरळ आत गेली. अंधार पडेपर्यंत दोन खेपा झाल्या. तिसरी करायला हमाल तयार नव्हते, आणि अंधारात त्या गल्लीतून कांडप यंत्र उतरवायची माझीही तयारी नव्हती. उरलेला माल ट्रकमध्येच राहिला, चालक ट्रकमध्ये झोपला.

ट्रकमध्ये जे आधी चढतं ते शेवटी उतरतं. स्वयंपाकघराची खोकी बेळगावात सगळ्यात आधी, आत अगदी टोकाला लावली होती. घरात पलंग होता, टेबलफॅन होता, पुस्तकं होती, पण पाणी प्यायला पेला नाही आणि विजेची शेगडी नदीपलीकडे. आंटी कंदील नसलेल्या अंगणातून चाचपडत आल्या, हातात कापडात बांधलेले उंडे, म्हणजे इकडचे पाव, आणि वाटीभर वाटाण्याची भाजी. म्हणाल्या, “आज जेव, फाल्यां बोलूया.” फाल्यां म्हणजे उद्या. मुलगा जेवता जेवता झोपला.

21 एप्रिल, रविवार

त्रयोदशी, भरती पावणेदहाच्या आसपास. साडेसातला धक्क्यावर. दोन खेपा अकराच्या आत झाल्या, एकदाही काही टेकलं नाही. कांडप यंत्र, फ्रीज, बरण्या, पाटा. फेरी पाच मिनिटांची, पण रविवारी दुचाकींची रांग लांब असते, चढण्याआधी खलाशांना सांगून ठेवलं तर ते जागा मोकळी करून देतात.

सातही बरण्या कोरड्या. मोठी बरणी गव्हातून काढून ओट्यावर ठेवली, बाहेरून पुसली, कापडाला फक्त वास होता, डाग नाही.

फ्रीज काल ट्रकमध्ये कलला होता. उभा करून आजचा अख्खा दिवस बंद ठेवला, रात्री सुरू केला. चालला.

कालचा भुर्दंड: ट्रकचा मुक्काम 2,000, हमालांचा दुसरा दिवस 3,200, जास्तीची एक खेप 1,500, फाळक्याची बिजागरी 1,200. एकूण 7,900. हे सगळं सकाळचे पाच-सहा तास हुकल्यामुळे. ट्रक दुपारनंतर पोचणार असं दिसल्यावर मी एक गोष्ट करायला हवी होती: चालकाला घाटाखालीच मुक्काम करायला सांगून सगळं दुसऱ्या दिवशीवर टाकायचं. मुक्कामाचे दोन हजार तसेही गेले, बाकीचे वाचले असते.

2 मे, गुरुवार

दुसरा आणि शेवटचा माल. वाळलेली मिरची, धणे, रिकामी पिंपं, शिलाई यंत्र आणि सासूबाईंची ट्रंक. या वेळी ट्रक नाही. बेळगावहून थेट पिकअप, 7,500, नार्व्याच्या फेरीनं.

तारीख निवडताना वेळ बघितली नाही, तिथी बघितली. कृष्ण नवमी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढ-उतार थोडा. म्हणजे अशा दिवशी गाडी कितीही वाजता पोचली तरी उताराचा कोन फारसा बिघडत नाही. हे मला आधी सुचलं नाही, 21 तारखेला रिकाम्या फेरीत परतताना खलाशानं सांगितलं. घाटात वेळ जाणारच, तो आपल्या हातात नसतो. मग तासावर भरवसा ठेवण्यापेक्षा दिवसच असा धरायचा.

गाडी एक वाजता पोचली, म्हणजे ऐन ओहोटीला. मी आधीच धक्क्यावर जाऊन उभी होते. हिरवा पट्टा दिसत होता तो हातभर. पिकअप चढला, फाळका टेकला नाही. चालक उतरून मला म्हणाला, “ताई, तुम्ही श्वास सोडा आता.”

डब्यांची, मिरचीची, यंत्राची, सगळी बिलं एका प्लास्टिकच्या पाकिटात चालकाच्या पुढ्यात. नाक्यावर चार मिनिटं लागली.

8 मे, बुधवार

काल बेळगावला जाऊन मतदान केलं, आज सासूबाईंना घेऊन आले. त्यांना चालताना काठी लागते आणि त्या आयुष्यात होडीत बसलेल्या नाहीत. अमावास्या, उधाण, भरती अकराच्या पुढे. सामानाच्या वेळी मी उधाण टाळलं होतं, माणसाच्या वेळी मुद्दाम धरलं, कारण पूर्ण भरतीला फेरीची फळी जवळजवळ सपाट पडते. साडेअकराला धक्क्यावर. त्यांना गाडीतच बसवून नेता आलं असतं, पण त्या म्हणाल्या, चालत जाते.

फळीच्या लोखंडावर आडव्या पट्ट्या असतात, त्यात काठीचं टोक अडकतं. मुलानं काठी घेतली आणि स्वतःचा खांदा दिला. आत गेल्यावर त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, बाकावर बसल्या नाहीत. मधोमध आल्यावर पदर सोडून घेतला, त्यातलं एक नाणं पाण्यात टाकलं, हात जोडले. उतरल्यावर म्हणाल्या, “एवढीच होय नदी?”

26 मे, रविवार

पावसाआधीची तयारी. इथे तिला पुरुमेंत म्हणतात, चार महिन्यांची बेगमी. मिरच्या, कोकम, सुकी मासळी, कांद्याच्या माळा. आंटींनी मला त्यांची यादी दिली, मी त्यांना माझा मसाला. बेळगावात कोपऱ्यावर दुकान होतं, संपलं की मुलगा धावत जायचा. इथे लागेल ते थोडंफार मिळतं, पण सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि माझं पॅकिंगचं साहित्य नदीपलीकडून येतं. गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवल्या. इन्व्हर्टर घेतला, तो या हिशेबात धरलेला नाही.

रात्री फेरी थांबल्यावर कुणाला बरं वाटेनासं झालं तर काय, हा प्रश्न मी मार्चमध्येच विचारायला हवा होता. आता विचारला. शेजारच्या चार घरांचे, बेटावरच्या गाडीवाल्याचे आणि रुग्णवाहिकेचा 108 असे नंबर दाराच्या आत मोठ्या अक्षरांत लावले. म्हातारं माणूस घरात असेल तर हे काम सामानाच्या आधी करा.

9 जून, रविवार

शाळा सुरू झाली. मुलगा रोज सकाळी फेरीनं जातो, पहिले तीन दिवस मी सोबत गेले, चौथ्या दिवशी त्यानं नको म्हटलं. पाऊसही आला. परवा दुपारी वारा इतका सुटला की फेरी मधेच थांबवली, मी मसाल्याची चौदा पाकिटं घेऊन चाळीस मिनिटं धक्क्यावरच्या आडोशाला उभी. कागदी पाकिटं दमट झाली, ती परत आणली. आता बाहेर जाणारा सगळा माल त्याच साठ डब्यांतून जातो, झाकणाला टेप लावून.

एकूण खर्च, पुढच्यांना अंदाज यावा म्हणून: पाहणीच्या आणि चाचणीच्या तीन फेऱ्यांचं पेट्रोल 5,400, ट्रक मुक्कामासकट 15,500, पिकअपच्या चार खेपा 6,000, हमाल दोन्हीकडचे 8,800, दुसरा माल 7,500, बांधणीचं साहित्य 2,850, बिजागरी 1,200, घरातली दुरुस्ती 4,300. बेरीज 51,550. आम्ही धरले होते 35,000. वेळ म्हणाल तर मिरचीच्या हंगामातले अठरा दिवस गेले.

आरसा अजून आणलेला नाही. मोठा घ्यायचा तर आडवा धरून फेरीवर उभं राहायला दोघं लागतात, तेव्हा अष्टमीच्या आसपास, वारा नसलेल्या सकाळी जाऊ.